शिंपल्यांच्या वयाची घासाघीस

वाटणीच्या दिवशी मोठ्या जावेला ओटा मिळाला आणि मला शिंपल्यांचा ढिगारा. ओट्याबरोबर तिला घरही मिळालं, समुद्राकडे तोंड केलेलं, माडांच्या सावलीतलं. पण घराचं मला फार लागलं नाही. घर मी पुढे माझ्या जिवावर बांधलं, बोईसरला, स्लॅबचं. लागला तो ओटा.

आमच्या सासरी एक रीत होती. नवी सून आली की पहिल्या मोठ्या ओहोटीला ती खाडीत उतरायची, स्वतःच्या हाताने तिसऱ्या काढून आणायची आणि घराला रांधून वाढायची. त्यातल्या चांगल्या शिंपल्या निवडून ओट्याच्या कडेला ओल्या चुन्यात दाबायच्या. आजेसासूच्या शिंपल्या तिथे होत्या, सासूच्या होत्या, जावेच्या होत्या. माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी ओट्याची उरलेली कड सिमेंटने करून घेतली होती. मी गुडघाभर चिखलातून तिसऱ्या काढून आणल्या, रांधल्या, वाढल्या, आणि शिंपल्या धुऊन हातात घेऊन उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आता सिमिटात कशा बसतील गे? टाक परसात, कोंबड्यांना व्हतील." जाऊ दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. ती म्हणते खोकला होता.

तर हा ओटा जावेकडे गेला. आमच्या वाट्याला खाजणाच्या कडेची खालची जागा आली. तिच्या मधोमध शिंपल्यांचा जुना ढिगारा, पुरुषभर उंच. त्यावर गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. दीर म्हणाले, "खालची जागा आकाराने मोठी हाय." माझ्या नवऱ्याने मान डोलावली. त्याची मान भावासमोर एकाच दिशेला हलते.

मग मी सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेतली. एडवणपासून वरच्या गावांतून बोंबील, जवळा, सोडे गोळा करायचे आणि बोईसरला नेऊन विकायचे. सालवडच्या चाळींतून दारोदार फिरले. कारखान्यातल्या कामगारांशी भाव करता करता हिंदी शिकले. टोपलीची हातगाडी झाली, हातगाडीचा गाळा झाला. आज माल टेम्पोने येतो. समोरच्याने आकडा सांगितला की तो कुठे येऊन थांबणार हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. हे सगळं मी केलं, आणि गावात अजून माझी ओळख "ढिगारेवाली" अशीच होती. जावेला मात्र सगळे "ओट्यावरची बाय" म्हणायचे. तिने आयुष्यात ओट्यावर बसण्यापलीकडे काय केलं ते मला कोणी सांगावं.

नारळी पौर्णिमेचा मानाचा नारळही तिच्याच दारातून निघायचा. घराची जागा गावात सगळ्यात जुनी मानलेली, म्हणून. तिथे तिने पहिली पूजा करायची, मग वाजतगाजत नारळ समुद्रावर. बाकीच्या बायका मागे. मीही मागे.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक मुलगी आली. किनाऱ्यावर माणसं केव्हापासून वस्ती करून आहेत, याचा अभ्यास करत होती. सगळे तिला मॅडम म्हणायचे. ती उतरली जावेकडे. आठवड्याच्या आत जावेला "आई" म्हणायला लागली. मला "काकू" म्हणायची.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी गाळ्यावर जवळा निवडत होते. ढिगाऱ्यात एक खड्डा घेऊ का, म्हणून विचारत होती.

"खणून मला काय?" मी म्हटलं.

"तुमच्या जागेवर माणसं कधी राहत होती ते कळेल. तो ढीग आपोआप झालेला नाही, काकू. कोणीतरी तिथे बसून पिढ्यान् पिढ्या शिंपले खाल्लेत."

"खाल्ले असतील. मला कळून काय?"

"आईंच्या परसातला नमुना घेतलाय. टाकीसाठी खड्डा खणला ना, त्यात खोलवर चुलीची जागा लागली. जळकी माती, कोळसा. तो प्रयोगशाळेत जाणार आहे."

मी चाळणी खाली ठेवली. "कधी येताय खणायला?" म्हटलं.

ती चार पोरं घेऊन आली आणि ढिगाऱ्याच्या पोटात चौकोनी खड्डा घेतला. अगदी तळाशी राख नव्हती, कोळसा नव्हता, नुसत्या शिंपल्या. तिने त्या ब्रशने साफ करून पिशव्यांत भरल्या. मी वर उभी राहून बघत होते की ती चांगल्या निवडते की फुटक्या. माझा माल आहे म्हटल्यावर चांगलाच जायला हवा.

बऱ्याच महिन्यांनी तिचा फोन आला. प्रयोगशाळेतून वय आलं होतं. वस्तूत कार्बनचा एक प्रकार असतो, जीव मेला की तो ठरावीक वेगाने कमी होत जातो, किती उरलाय त्यावरून वय काढतात, हे तिने आधीच समजावलं होतं. मी आकडा विचारला. तिने सांगितला. मी जावेचा विचारला. तोही सांगितला. माझा ढिगारा जावेच्या कोळशापेक्षा जवळजवळ तीनशे वर्षांनी जुना होता.

"पण काकू, हे कच्चे आकडे आहेत. दुरुस्ती व्हायची आहे."

मी "हो, हो" म्हटलं. कच्च्या बिलावर मी आयुष्यभर धंदा केला आहे. कच्चं बिल म्हणजे खोटं बिल नसतं.

त्या वर्षी पौर्णिमेआधीच्या बैठकीत मी उभी राहिले. बायकांनी तिथे बोलायची पद्धत कमी, पण मंडपाला वर्गणी सगळ्यात मोठी माझी जाते, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मी म्हटलं, नारळ जुन्या जागेतून निघतो ना? मग जुनी जागा कुठली हे आता मशीनने सांगितलं आहे. पाटलांनी मॅडमला फोन लावला. मॅडमने आकडे तेच सांगितले, वर "अजून पक्कं नाही" असंही म्हणाली, पण पाटलांचा फोन खरखरत होता आणि त्यांनी पहिलं ऐकून ठेवून दिला.

"मशीनच सांगत असंल तर वाद कशाला?" पाटील म्हणाले. जावेकडे बघून त्यांनी विचारलं, "बाय, तुमचं काय?"

"माजं काय?" ती म्हणाली. "जुनं ते जुनं."

त्या वर्षी नारळ माझ्या ढिगाऱ्यावरून निघाला. मी जागा झाडून घेतली, सारवली, बोईसरहून मांडववाला आणला, फुलांच्या माळा सोडल्या. पहिली पूजा मी केली. सगळं गाव खाली खाजणात आलं होतं, जी जागा आम्हाला फेकून दिल्यासारखी दिली होती तिथे. जाऊ आली. मी तिचा चेहरा बघत होते. आयुष्यात मला एकदा तो उतरलेला बघायचा होता. तिने नमस्कार केला, प्रसाद खाल्ला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "जागा छान झाडलीस गे, धाकटे."

माझा अर्धा आनंद तिथेच गेला.

दिवाळीनंतर मॅडम परत आली आणि तिने दोघींना एकदमच ओट्यावर बोलावलं. मला तिथे बसायला आवडत नाही, मी पायरीवर बसले. जावेने चहा आणला. मॅडमने मांडीवर लॅपटॉप उघडला. त्यावर दोन वाकड्यातिकड्या रेषा होत्या.

"ही रेष जमिनीवरच्या गोष्टींसाठी," ती म्हणाली, "लाकूड, धान्य, कोळसा. आणि ही समुद्रातल्या गोष्टींसाठी. दोन्ही वेगळ्या लावाव्या लागतात, कारण झाड हवेतला ताजा कार्बन घेतं. शिंपला पाण्यातला घेतो. आणि समुद्राच्या खोल पाण्यातला कार्बन शेकडो वर्षं हवेला भेटलेलाच नसतो. तो वर येऊन मिसळतो. म्हणून शिंपला मरतो त्या दिवशीच तो शेकडो वर्षं जुना दिसतो."

जावेने विचारलं, "आज काढलेली तिसरीपन?"

"आज काढलेलीपण, आई. म्हणजे, आजचं अजून वेगळं आहे, पण तत्त्व तेच."

मला लगेच समजलं. गेल्या वर्षीचे सोडे नव्यात मिसळून विकतात, तसं. वरून ताजं, मधे जुनं. माझा माल भेसळीचा निघाला होता, आणि भेसळ मी नाही, समुद्राने केली होती.

"मग किती कापणार?" मी विचारलं.

"कापणार म्हणजे?"

"माझ्या आकड्यातून."

"जगभराची सरासरी धरली तर साधारण चारशे. नव्या हिशेबात थोडं जास्तच."

तीनशेची माझी आघाडी. तिच्यातून चारशे गेले. मी जावेकडे बघितलं नाही.

"चारशे फार होतात," मी म्हटलं. "दोनशे धरा."

मॅडम हसली. तिला वाटलं मी गंमत करते. "काकू, हे असं धरता येत नाही."

"का नाही येत? सरासरी म्हणालात ना तुमी? सरासरी म्हणजे कुठे कमी, कुठे जास्त. सातपाटीचा भाव डहाणूला लागत नाही, आणि तुमी सगळ्या जगाचा भाव आमच्या खाडीला लावता? आमच्या खाडीत पावसाचं गोडं पाणी उतरतं. ते हवेतूनच आलेलं असतं ना? मग आमची भेसळ कमी."

ती हसायची थांबली. लॅपटॉप अर्धा मिटून माझ्याकडे बघायला लागली. "हे बरोबर आहे," म्हणाली. "प्रत्येक किनाऱ्याची स्थानिक दुरुस्ती वेगळी असते. खरं तर मला तीच काढायला हवी."

मला इतकं बरं वाटलं की मी चहा प्यायले. "काढा मग," म्हटलं.

"त्यासाठी याच खाडीतल्या, जिवंत काढलेल्या शिंपल्या लागतील. कोणत्या साली काढल्या ते नक्की माहीत असलेल्या. मग मशीन सांगतं ते वय आणि खरं वय यांतला फरक काढायचा. आणि त्या अणुबॉम्बच्या चाचण्यांच्या आधीच्या हव्यात. त्या चाचण्यांनी हवेतला सगळा हिशेब बिघडवला."

"आमच्या तारापूरच्या केंद्राने?"

"नाही हो, त्याचा काही संबंध नाही. जगात इतरत्र झाल्या त्या चाचण्या. पण तेवढ्या जुन्या, साल माहीत असलेल्या शिंपल्या फार तर एखाद्या संग्रहालयात असतात. इथल्या कुठे मिळणार?"

मला माहीत होतं कुठे मिळणार. मी त्याच ओट्याच्या पायरीवर बसले होते. घर आजेसासूच्या लग्नाच्या वर्षी बांधलेलं, साल दाराच्या चौकटीवर कोरलेलं, स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीचं. आणि तिच्या शिंपल्या कडेच्या चुन्यात, डाव्या टोकाला. मी तोंड उघडलं नसतं तर कोणी काही बोललं नसतं. पण मग चारशेच कापले गेले असते.

मला जावेकडून काहीही मागायची सवय नाही. वाटणीपासून मी तिच्या घरून चिमूटभर मीठ घेतलेलं नाही. त्या दिवशी मागितलं.

"बाय, ओट्याच्या शिंपल्या पायजेत. मॅडमला."

"कुणाच्या?"

"आजेसासूच्या."

"फोडाव्या लागतील."

"लागतील."

तिने चहाचे कप गोळा केले. "घे की," म्हणाली. "माज्या नको ना?"

"तुमच्या चालत नाहीत," मी म्हटलं, आणि हे म्हणताना मला किती गोड वाटलं ते मीच जाणे. "तुमच्या बॉम्बच्या नंतरच्या."

"मंग तुजा न् माजा भाव येकच," ती म्हणाली आणि आत गेली.

मी माझ्या हाताने छिन्नी लावली. मॅडम "हळू, काकू, हळू" करत होती. चुना इतका घट्ट होता की एक शिंपली फुटली, दोन अख्ख्या निघाल्या. मॅडमने भिंग डोळ्याला लावून त्या बघितल्या आणि चुना जिथे चिकटला नव्हता तिथलाच भाग घ्यावा लागेल म्हणाली. मी म्हटलं, कुठलाही घ्या, नीट घ्या.

निकाल यायला पावसाळा उजाडला. त्या महिन्यांत मी रोज सकाळी गाळा उघडताना मनात आकडा धरायचे. दीडशे कापले तर माझी जागा दीडशेने जुनी. दोनशे कापले तर शंभराने. अडीचशे कापले तरी मी वरच. अडीचशेपर्यंत मी सौदा करायला तयार होते. गिऱ्हाईकांशी बोलताना माझं लक्ष नसायचं. एक पाटीभर सोडे मी एका बाईला पहिल्याच भावाने देऊन टाकले आणि ती इतकी चमकली की मालात काही खोट आहे का म्हणून तिने परत विचारलं. नवरा म्हणाला, "तुला बरं नाय का?" मी म्हटलं, "तुमच्या वहिनीला विचारा."

मॅडमने फोन केला नाही, स्वतः आली. या वेळी आधी माझ्याकडे आली, हे मी मान्य करते. गाळ्यात स्टुलावर बसली. पाऊस पत्र्यावर वाजत होता म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं.

"काकू, तुमचं म्हणणं बरोबर होतं. इथला आकडा सरासरीपेक्षा वेगळा आला."

"किती कमी?"

"कमी नाही. जास्त. या समुद्रात काही महिने खालचं जुनं पाणी वर येतं. इथली शिंपली सरासरीपेक्षाही जुनी दिसते. गोड्या पाण्याने थोडं कमी होत असेल, पण पुरेसं नाही. चारशेवर आणखी शंभर-दीडशे जातात."

शेजारचा मिरचीवाला ऐकत होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या गिऱ्हाइकांकडे बघ.

मीच मागितलं होतं. सरासरीचा भाव सोडून स्थानिक भाव लावा, असं मीच भांडून सांगितलं होतं आणि त्यासाठी जावेच्या दारात हात पसरले होते. गप्प बसले असते तर शंभराच्या तोट्यावर निभावलं असतं. एवढा वाईट सौदा मी टोपलीच्या दिवसांतही केला नव्हता.

"थांबा," मी म्हटलं. "कोळशाचं काय? कोळसा म्हणजे झाड. झाड चुलीत जायच्या आधी किती वर्षं उभं होतं? तीनशे वर्षांचं झाड तोडून जाळलं असेल तर? मग तिच्याही आकड्यातून कापा."

मॅडमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखता येतं. समोरच्याने बरोबर जागी बोट ठेवलं की माणसाचा चेहरा असा होतो. "हा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो," ती म्हणाली. "जुन्या लाकडाने खरंच फसायला होतं."

"मग?"

"म्हणून मी लाकडाचा कोळसा पाठवला नव्हता. त्या चुलीत जळक्या करवंटीचे तुकडे होते. करवंटी वर्षभरात तयार होते, काकू. तिच्यात कापायला काही नाही."

मी पुढच्या पाट्या झाकायला उठले. पावसाचे थेंब आत येत होते. मॅडम म्हणाली की दोन्ही आकड्यांना मागेपुढे काही दशकांची सूट असते, आणि तुमचा ढिगारा शिंपल्यांमुळे अभ्यासाला जास्त महत्त्वाचा आहे, त्याच्या निमित्ताने या किनाऱ्याची दुरुस्ती काढता आली. मी विचारलं, सूट धरून माझी जागा जुनी होते का? ती म्हणाली, "नाही. तेवढी सूट नाही."

पौर्णिमेआधीची बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. मॅडमने सगळं समजावून सांगितलं, रेषांसकट. लोकांना फार कळलं असं वाटत नाही, पण शेवट कळला. पाटील माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग नारळ परत वरच्या घरातून?"

मी बोलणार होते. तेवढ्यात जाऊ उठली. गुडघ्यांवर हात ठेवून उठते ती, सगळ्यांना दिसेल असं.

"राहू द्या की तिच्याकडे," ती म्हणाली. "खाली आता जागा चांगली केलीय तिनं. माजं काय, दोन पावलं खाली चालंन."

व्हरांड्यात सगळीकडून आवाज आला, तो मला पाठ आहे. बायका म्हणाल्या, बघा, मोठं मन. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. मॅडमने जावेकडे असं बघितलं, जसं पोर आईकडे बघतं. माझ्या नवऱ्याची मान हलायला लागली होती.

एका वाक्यात तिने मला मान दिला आणि माझ्यापेक्षा मोठा स्वतः घेतला. त्यानंतर दर पौर्णिमेला नारळ माझ्या ढिगाऱ्यावरून निघाला असता आणि दर पौर्णिमेला लोकांनी म्हटलं असतं, बायने दिला म्हणून.

"नको," मी म्हटलं.

"असं काय गे?" जाऊ म्हणाली.

"तीनशे वर्षं माझी होती तेव्हा मी घेतला. आता माझी नाहीत. तुमी दिलेला मला नको."

"मी कोन देनारी? देव हाय."

"देवाने काही सांगितलेलं नाही. मशीनने सांगितलंय."

पाटील म्हणाले, "आता दोघी एकमेकींना देऊ लागल्या तर नारळ इथंच नासंल." लोक हसले. मी हसले नाही. जाऊ हसली, पदर तोंडाला लावून.

नारळ वरच्या घरातून निघाला. मी गेले, जायला लागतंच. घरातल्या सुना घरातल्या मिरवणुकीत दिसल्या नाहीत तर गाव वर्षभर बोलतं, आणि तेवढं बोलायला मी त्यांना द्यायला तयार नव्हते. नवीन हिरवी नऊवारी नेसले, बोईसरच्या दुकानातून घेतलेली, जावेच्या साडीपेक्षा नक्कीच भारी. जाऊ पुढे होती, नारळ तिच्या हातात, मॅडम तिच्या कोपराला धरून. गुडघे दुखत असूनही ती वाळूत सावकाश, न थांबता चालली होती. मी मागच्या बायकांत होते. बेंडबाजा चालू होता, पोरं नाचत होती.

पाण्याजवळ पोहोचल्यावर मिरवणूक थांबली. जावेने नारळ पाटलांच्या हातात दिला आणि मागे वळून गर्दीत कोणाला तरी शोधायला लागली. बायकांच्या डोक्यांवरून तिची नजर एका बाजूकडून दुसरीकडे फिरत होती. मी खाली वाकले, चपलेत वाळू गेली होती ती काढायला, आणि पाण्यात नारळ पडल्याचा आवाज येईपर्यंत काढत राहिले.